उपाशीपोटी जागी होणारी पेशी

आज आम्हांला आमचीच एक जुनी चूक सांगायची आहे. चूक शेतातली आहे. परंतु तिचे उत्तर आम्हांला सूक्ष्मदर्शकाखाली सापडले, म्हणून ती या सदरात सांगतो.

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. भंडारा जिल्ह्यात आमच्या मामांची दीड एकर धानाची शेती होती. एका कृषी मेळाव्यातून आम्ही निळ्या-हिरव्या शेवाळाच्या खताची पाकिटे मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे नेली. पाकिटात काय, तर वाळलेल्या पापुद्र्यांचा भुगा. हातात घेतला तर तलावाच्या काठची सुकलेली माती वाटावी. रोवणीनंतर आठवड्याने हे बांधीतल्या पाण्यावर फेका, हे शेवाळ हवेतला नत्र धरून धानाला देते, असे मेळाव्यात सांगितले होते. मामांना ते काही पटेना. "काहून रे, चिखलात आणखी चिखल टाकायले पैसे दिले काय?" असे ते म्हणाले. तरी भाच्याचे मन राखायचे म्हणून त्यांनी ते फेकले.

त्याच आठवड्यात त्यांनी नेहमीप्रमाणे युरियाही टाकला. टाकण्यापूर्वी त्यांनी आम्हांला विचारले होते. आम्ही चार पुस्तके वाचलेले! आम्ही म्हणालो, "टाका की मामा, दोन्ही टाकले तर दुप्पट फायदा."

पंधरा दिवसांनी बांधीत शेवाळ आले खरे, पण ते हिरवेगार, केसांच्या गुंत्यासारखे. कोणत्याही डबक्यात येते तसले. पाकिटावरच्या चित्रातला निळसर थर कुठेच दिसेना. मामा गावभर हसले आणि आम्हीही शरमून म्हणू लागलो की हे खत निकामी आहे. हे आम्ही दहा जणांना सांगितले. त्यांत शेजारच्या बांधीच्या काकू होत्या. त्या एकट्याने शेती करीत आणि दरवर्षी युरिया उधारीवर आणीत. आमचे ऐकून त्यांनी आपली पाकिटे उकिरड्यावर टाकली. ही गोष्ट आम्हांला पुढे फार दिवस बोचत राहिली. कारण खत निकामी नव्हते. निकामी होता तो आमचा सल्ला.

तो कसा, हे समजण्यासाठी थोडे मुळापासून पाहू.

हवेत शंभरातले सुमारे ७८ भाग नत्रवायू असतो. धानाचे रोप त्यात अक्षरशः बुडालेले असते, आणि तरी नत्रावाचून पिवळे पडते. याचे कारण, हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने जखडलेले असतात. ही मिठी सोडवल्याशिवाय तो नत्र कोणत्याही वनस्पतीच्या कामाचा नाही. माणसाने ती सोडवण्याची युक्ती विसाव्या शतकात शोधली. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत नत्र आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश याने १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. त्या पद्धतीत ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दोनशेपट वा त्याहून अधिक दाब लागतो. आपल्या युरियाच्या गोणीमागे आजही हीच भट्टी आहे. म्हणून तर युरियाची किंमत नैसर्गिक वायूच्या किमतीशी बांधलेली असते.

आणि हेच काम काही जीवाणू साध्या पाण्यात, साध्या उन्हात, भट्टीवाचून करतात. त्यांच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. लोह आणि मॉलिब्डेनम हे धातू त्याच्या पोटात असतात. नत्राचा एक रेणू फोडायला पेशीतील ऊर्जेच्या चलनाचे, म्हणजे एटीपीचे, सोळा रेणू खर्च करावे लागतात. स्वस्त काम नव्हे ते. जिला तयार नत्र आयता मिळतो ती पेशी हा खर्च कशाला करील? हा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा. मामांच्या बांधीत नेमके तेच घडले.

परंतु खर्चापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. नायट्रोजिनेजला प्राणवायू सोसत नाही. प्राणवायूची गाठ पडली की हे विकर बिघडते, आणि बिघडले ते कायमचेच. मातीत खोल, हवेवाचून राहणाऱ्या जीवाणूंना त्याची फिकीर नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचे मात्र कठीण आहे. त्याला आपण शेवाळ म्हणतो, परंतु ते खरे शेवाळ नव्हे. ते जीवाणूच आहेत, सायनोबॅक्टेरिया. आणि हे जीवाणू झाडांप्रमाणे उन्हावर जगतात, पाणी फोडून साखर करतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तो यांच्याच पूर्वजांनी सोडलेला होता. म्हणजे ज्या विषाने नत्राचे यंत्र मरते, ते विष हे जीव स्वतःच पोटात तयार करतात. एकाच खोलीत चूल आणि बर्फाचा कारखाना चालवावा तसा हा प्रकार.

काही जातींनी यावर वेळेची वाटणी करून तोड काढली. दिवसा साखर, रात्री नत्र. एकट्या पेशीने राहणाऱ्या सायनोथीससारख्या जाती असेच करतात. परंतु अनाबीना आणि नॉस्टॉक या आपल्या धानाच्या बांधीतल्या ओळखीच्या जातींनी जागेची वाटणी केली, आणि ती पाहण्यासारखी आहे.

शाळा-महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक हाताशी असेल त्यांनी बांधीच्या पाण्यावरचा निळसर थर टाचणीच्या टोकावर घेऊन जरूर पाहावा. मण्यांच्या माळा दिसतील. प्रत्येक मणी एक पेशी. बहुतेक मणी निळे-हिरवे, परंतु दहा-पंधरा मण्यांनंतर एक मणी वेगळा असतो. तो थोडा मोठा, फिकट पिवळसर आणि जाड कवचाचा असतो. शेजाऱ्याला जिथे तो चिकटतो त्या दोन्ही टोकांना चमकणारा ठिपका दिसतो. त्याला हेटरोसिस्ट म्हणतात. आपण सोयीसाठी नत्रपेशी म्हणू. माळेत त्यांचे प्रमाण शंभरात पाच ते दहा असते.

गंमत अशी, की ही पेशी शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून दिसत होती, पण ती करते काय हे कळत नव्हते. शेवाळांचे मोठे अभ्यासक फ्रिट्श यांनी १९५१ मध्येही तिला वनस्पतिशास्त्रातले कोडेच म्हटले. दरम्यान भारतात या कोड्याची दुसरी बाजू उलगडत होती. भातखाचरात खत न घालताही वर्षानुवर्षे पीक कसे येत राहते, या प्रश्नाचे उत्तर पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दिले. खाचरातील निळे-हिरवे शेवाळ नत्र पुरवते, असे त्यांनी दाखवले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातील आर. एन. सिंह यांनी १९५० मध्ये उत्तर भारतातील ऊसर, म्हणजे खारट-चोपण झालेल्या पडीक जमिनी या शेवाळाने सुधारता येतात असे मांडले. म्हणजे शेवाळ नत्र देते हे शेतातून कळले होते, आणि नत्रपेशी डोळ्यांना दिसत होती, पण दोन्हींचा सांधा जुळत नव्हता. तो १९६८ मध्ये फे, स्ट्युअर्ट, वॉल्सबी आणि फॉग या चौघांनी जोडला. नत्र धरण्याची जागा ही फिकट पेशीच असावी, असे त्यांनी सुचवले, आणि पुढील प्रयोगांनी ते खरे ठरले.

आता ही पेशी घडते कशी ते पाहू. हा भाग आम्हांला सर्वांत आवडतो, तेव्हा थोडा सविस्तर सांगतो.

पाण्यात अमोनिया किंवा नायट्रेट भरपूर असेल, तर अनाबीनाच्या माळेत सगळे मणी सारखेच राहतात. नत्रपेशी होतच नाही. पाण्यातला नत्र संपला की पेशीला ते कळते कसे? पेशीत साखरेपासून एक सांगाडा तयार होत असतो, त्याचे नाव ऑक्झोग्लुटारेट. त्याला नत्र जोडला की प्रथिनांचा कच्चा माल होतो. घराच्या बांधकामावर विटा येऊन पडाव्यात आणि सिमेंट येऊ नये, तसे नत्र नसताना हे सांगाडे साचत जातात. विटांचा ढीग पाहून मुकादमाला कळते की सिमेंट संपले. पेशीतल्या मुकादमाचे नाव एनटीसीए. तो दुसऱ्या एका प्रथिनाला, हेटआर याला, कामाला लावतो. या हेटआरची जनुके ब्यूकेमा आणि हॅझलकॉर्न यांनी १९९१ मध्ये शोधली. हेटआर नसेल तर पेशी उपाशी मरते, पण नत्रपेशी होत नाही. उलट हेटआर गरजेपेक्षा जास्त झाले, तर पाण्यात नायट्रेट असूनही नत्रपेशी होऊ लागतात.

हेटआरचा हुकूम सुटला की पेशी स्वतःचे घर मोडून नवे बांधू लागते. आधी ती बाहेरून जाड कवच चढवते. आतला थर स्निग्ध पदार्थांचा, त्यावर पिष्टासारख्या पदार्थाचा संरक्षक थर. या स्निग्ध थरातून हवेतला प्राणवायू सहज आत शिरू शकत नाही. मग ती पाणी फोडून प्राणवायू करणारे आपले यंत्र बंद करते आणि त्याचे रंगद्रव्य मोडून खाते. म्हणूनच ती फिकट दिसते. उन्हापासून एटीपी मिळवणारे दुसरे यंत्र मात्र ती चालू ठेवते, कारण नत्र फोडायला ऊर्जा हवीच. जो थोडाफार प्राणवायू तरीही आत येतो तो जाळून टाकण्यासाठी ती जोराने श्वसन करते. शेजाऱ्याकडे उघडणारे दार ती अगदी अरुंद करते आणि तिथे राखीव नत्राची गाठ साठवते. तो टोकाचा चमकणारा ठिपका म्हणजे हीच गाठ. हे सगळे झाले की बिनप्राणवायूची एक छोटी कोठी तयार होते आणि नायट्रोजिनेजचे काम सुरू होते. सुरुवातीपासून इथपर्यंत सुमारे एक दिवस लागतो.

सगळ्यांत नवलाची गोष्ट डीएनएत घडते. प्रयोगशाळांमध्ये सर्वांत जास्त अभ्यासलेल्या अनाबीना पीसीसी ७१२० या वाणात नायट्रोजिनेजच्या एका जनुकाच्या मध्येच सुमारे अकरा हजार अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे. त्यामुळे साध्या पेशीत ते जनुक तुटलेलेच असते. पेशी नत्रपेशी होताना तो तुकडा कापून बाहेर काढते आणि जनुकाची दोन टोके जोडते. गोल्डन, रॉबिन्सन आणि हॅझलकॉर्न यांनी हे १९८५ मध्ये दाखवले.

या प्रवासात परतीचा रस्ता काही काळच उघडा असतो. पहिल्या काही तासांत पाण्यात पुन्हा अमोनिया घातला, तर अर्धवट बदललेली पेशी परत साधी होते आणि विभागू लागते. सुमारे अर्धा दिवस उलटला की परत फिरणे नाही. पूर्ण झालेली नत्रपेशी पुन्हा कधीच विभागत नाही. तिला लेकरे होत नाहीत. ती साखर करीत नाही, ती शेजारच्या पेशींकडून घेते आणि बदल्यात नत्र जोडलेला माल त्यांना देते.

मग सगळ्याच उपाशी पेशी नत्रपेशी का होत नाहीत? झाल्या तर साखर कोण करणार, आणि माळ वाढणार कशी? हा हिशेब ठेवायला माळेत कोणी प्रमुख नाही. तो एका लहानशा रेणूवर चालतो. पंगतीत वाढपी उभे असतात तसे समजा. जिथे वाढपी उठला, तिथे त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना तो खुणेने सांगतो, "तुम्ही बसा, मी आहे." खूण जवळच्यांना स्पष्ट दिसते, लांबच्यांना दिसत नाही. तिकडे दुसरा कोणी उठतो. माळेतली ही खूण म्हणजे पॅटएस नावाचे प्रथिन, जेमतेम १७ अमिनो आम्लांचे. नत्रपेशी होऊ घातलेली पेशी ते तयार करते आणि त्याचा अंश शेजारच्या पेशींत झिरपून तिथल्या हेटआरला रोखतो. यून आणि गोल्डन यांनी १९९८ मध्ये हे प्रसिद्ध केले. पॅटएसचे जनुक काढून टाकले, तर दोन-दोन, तीन-तीन नत्रपेशी एकमेकींना चिकटून होतात. ते फाजील वाढवले, तर एकही होत नाही. पुढे मधल्या साध्या पेशी विभागत जातात आणि दोन नत्रपेशींमधले अंतर वाढते, तेव्हा मध्यावर खूण फिकी पडते. तिथे मग नवी नत्रपेशी उठते.

हे आम्ही एका तरुण मित्राला सांगत होतो, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ही निसर्गातली वर्णव्यवस्थाच झाली की! एकाने साखर करायची, दुसऱ्याने नत्र." मुंग्या आणि मधमाश्यांचे दाखले देऊन असा युक्तिवाद करणारे विद्वान आम्ही पूर्वीही ऐकले आहेत, म्हणून त्याला थांबवून सांगितले. माळेतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीच्या लेकी आहेत. सगळ्यांजवळ तीच जनुके आहेत. कोणतीही साधी पेशी नत्रपेशी होऊ शकते, आणि नत्रपेशीचे काम तिच्या वंशाला चिकटत नाही, कारण तिला वंशच नसतो. तेव्हा दाखला द्यायचाच तर तो त्यांच्या उपयोगाचा नाही. पण आम्ही तो आपल्या बाजूनेही वापरणार नाही. काही पुस्तके या पेशीच्या 'त्यागा'बद्दल लिहितात, तेही आम्हांला रुचत नाही. शेवाळाला त्याग कळत नाही आणि न्यायही कळत नाही. माणसांनी कसे राहावे हे माणसांनीच विचार करून ठरवायचे असते. असो.

आता मामांच्या बांधीकडे परत येऊ. युरिया पाण्यात पडला की त्याचा अमोनिया होतो. अमोनियाने भरलेल्या पाण्यात आम्ही ते वाळलेले शेवाळ फेकले होते. त्यातल्या पेशी जाग्या झाल्या असतील, त्यांनी आजूबाजूला पाहिले असेल, नत्र तर आयता वाहत आहे. ऑक्झोग्लुटारेट साचले नाही, मुकादम उठला नाही, नत्रपेशी घडली नाही. शिवाय साधे हिरवे शेवाळ, ज्याला हवेतला नत्र मुळीच धरता येत नाही, त्यालाही तोच आयता नत्र मिळाला. ते भराभर वाढले आणि त्याने पाण्यावरचे ऊन अडवले. निळ्या-हिरव्याचा बाकीच्यांवर जो एकच वरचष्मा असतो, उपाशी पाण्यात तगण्याचा, तो आम्ही युरियाने काढून घेतला होता. दुप्पट फायदा नव्हे, एकाने दुसऱ्याला बसवून ठेवले.

याच्या उलट चित्र अझोला या पाणनेच्यात दिसते. हल्ली पुष्कळ गावांत तो गुरांना घालतात. त्याच्या पानाच्या पोकळीत याच कुळातले शेवाळ राहते. अझोला त्याच्याकडून नत्र सतत काढून घेतो. त्यामुळे तिथे नत्रपेशींचे प्रमाण वाढत वाढत शंभरात वीस-तीसपर्यंत जाते.

आता गोष्टीचा दुसरा भाग. उरलेले एक पाकीट आम्ही घरी आणून डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकले होते आणि विसरलो होतो. १९९६ च्या एप्रिलमध्ये जयंतीपूर्वी घराची साफसफाई चालली होती, तेव्हा फळीवरून तो डबा निघाला. आई फेकायलाच निघाली होती. आम्ही चिमूटभर भुगा काचेच्या ग्लासात पाणी आणि थोडी माती घालून खिडकीत ठेवला. खरे तर गंमत म्हणून. दोन वर्षे कोरडा पडलेला भुगा, त्यात जीव तो काय असणार? दोन आठवड्यांच्या आत ग्लासाच्या कडेला निळसर हिरवा थर धरला. आई म्हणाली, "हे तर मेलेलं नव्हतंच."

मेलेले नव्हते, कारण या माळांत आणखी एका प्रकारची पेशी होते. तिचे नाव ॲकिनीट. तग धरते म्हणून आपण तिला तगपेशी म्हणू. ऊन कमी पडले, पाण्यातले स्फुरद संपत आले, थंडी आली, की काही साध्या पेशी फुगू लागतात. त्या शेजारणींपेक्षा कितीतरी मोठ्या होतात आणि पोटात राखीव अन्न व नत्राचे दाणे भरून घेतात. मग जाड आवरण चढवून जवळजवळ स्तब्ध होतात. अनाबीनाच्या काही जातींत त्या नत्रपेशीला लागूनच होतात, तर नॉस्टॉकमध्ये बहुधा दोन नत्रपेशींच्या मध्यावर सुरू होऊन ओळीने होत जातात. नत्रपेशी आणि तगपेशी दोन्ही जाड कवचाच्या, म्हणून नवशिके घोटाळा करतात. फरक मोठा आहे. नत्रपेशी दिवसभर राबते आणि पुढे तिच्यातून काही निघत नाही. तगपेशी काही करीत नाही, पण ओल, उजेड आणि ऊब मिळताच कवच फोडून तिच्यातून पुन्हा नवी माळ बाहेर येते. उकळत्या पाण्यातून वाचणाऱ्या काही जीवाणूंच्या बीजाणूंइतकी ती चिवट नसते, परंतु थंडी, अंधार आणि कोरड ती चांगली सोसते. इंग्लंडमधील एका सरोवराच्या तळचा गाळ थराथराने काढून तपासला, तेव्हा सुमारे ६४ वर्षांपूर्वीच्या थरातील अनाबीनाच्या तगपेशींतून नव्या माळा उगवल्या. हे १९८० साली प्रसिद्ध झाले.

नॉस्टॉकच्या काही जाती तर तगपेशीवाचूनही हे साधतात. माळेभोवतीच्या चिकट आवरणात साध्या पेशीच कोरड्या होऊन पडून राहतात. लिपमन यांनी १९४१ मध्ये संग्रहालयात ८७ वर्षे वाळवून ठेवलेला नॉस्टॉक पुन्हा जिवंत केल्याची नोंद आहे. आमच्या ग्लासात नेमके कोण जागे झाले, हे आम्ही तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले नाही. दोघेही असतील. परंतु धानाची बांधी उन्हाळ्यात भेगाळून तापते आणि पहिल्या पावसानंतर महिन्याभरात तिच्यावर पुन्हा शेवाळ येते, त्यामागे हीच युक्ती आहे.

ज्यांना हे खत वापरायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. एकरी सुमारे ४ किलो वाळलेला भुगा, रोवणीनंतर साधारण आठवड्याने, साचलेल्या पाण्यावर फेकावा. नंतर पाणी तुटू देऊ नये. स्फुरद मात्र द्यावे, सुपर फॉस्फेट चालते, कारण नत्र हवेतून मिळेल पण स्फुरद मिळणार नाही. फार आम्ल जमिनीत हे शेवाळ नीट धरत नाही. आणि याने युरिया पूर्ण सुटतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. चांगले धरले तर हेक्टरी २० ते ३० किलो नत्राची भर पडते, तीही हळूहळू, शेवाळ मरून कुजल्यावर. धानाला याहून अधिक नत्र लागतो. म्हणून युरिया कमी करावा आणि जो द्यायचा तो शेवाळ फेकण्याच्या दिवसांत एकदम ओतू नये. दोन-तीन हंगाम सलग केल्यावर फरक दिसतो.

आणखी एक. निळसर थर दिसला म्हणून तो चांगलाच, असेही नाही. पिण्याच्या पाण्याच्या तलावावर उन्हाळ्यात रंग ओतल्यासारखी जी साय येते, ती पुष्कळदा मायक्रोसिस्टिस या दुसऱ्याच जातीची असते. तिच्यात नत्रपेशी नसतात, पण यकृताला घातक विष असू शकते. असे पाणी गुरांना पाजू नये आणि मुलांना त्यात पोहू देऊ नये. पाणी उकळून हे विष जात नाही.

१९९६ च्या पावसाळ्यात आम्ही तो डबा घेऊन पुन्हा मामांकडे गेलो. पहिल्यांदा आमची चूक कबूल केली. मामांनी दोन वर्षांचे हसणे एकदाच हसून घेतले आणि कोपऱ्यातली सर्वांत लहान बांधी आम्हांला दिली. तिथे युरिया टाकला नाही, फक्त सुपर फॉस्फेट. तीन आठवड्यांनी पाण्यावर निळसर, मखमलीसारखा थर आला. दुपारी त्यात बुडबुडे अडकून तो वर तरंगे. किती नत्र मिळाला हे मोजायला आमच्याकडे साधन नव्हते, आणि एका बांधीवरून काही सिद्ध होत नाही हे आम्हांलाही कळते. पण रोपे पिवळी पडली नाहीत. त्या बांधीला मामांनी पुढे निम्माच युरिया दिला आणि तो पुरला.

उन्हाळ्यात बांधी वाळली, तेव्हा तिच्यावर कागदासारखे पापुद्रे सुटले. मामांनी ते स्वतः खुरप्याने गोळा केले, त्याच डालड्याच्या डब्यात भरले आणि शेजारच्या काकूंकडे नेऊन दिले. काकूंनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारले, "यावर युरिया टाकायचा नाही ना?"